उपस्थित

अकरा वर्षं मी या दुकानात होते.
भिंतीवर, काचेमागं, गणपतीच्या शेजारी:
नोंदणी क्रमांक, गोल शिक्का
आणि तेविसाव्या वर्षीचा वेणी घातलेला फोटो.
मानेवाड्यात माझ्या ओट्याशी मी डाळ निवडत असायचे,
त्याच मिनिटाला सक्करदऱ्यात
कुणाला तरी झोपेच्या गोळ्या देत असायचे.
एका वेळी दोन जागी असणं संतांना जमतं म्हणतात;
मला डी. फार्म.वर जमलं.
पाच तारखेला पाकीट.
आधी अडीच हजार, मग चार.
घरात आम्ही त्याला किरायाच म्हणायचो,
जणू माझ्यातली एखादी खोली दिली होती.

मग कागद आला.
पाठराबे साहेब काउंटरला टेकून म्हणाले, बाई कुठं आहेत?
चेतननं भिंतीकडं बोट दाखवलं.
साहेब हसले नाहीत.

आता दहाला अंगठा, नऊला अंगठा.
भांडी घासून घासून रेषा गेल्यात,
मशीन तिसऱ्या खेपेला ओळखतं.
पांढरा कोट इतवारीतून घेतला, बाह्या लांब आहेत.
कूलरमध्ये पाणी भरायचं काम मी आपणहून घेतलं,
कारण दुसरं कुणी मला काही विचारत नाही.
गिऱ्हाईक येतं, चेतनला सांगतं.
दहावी नापास चेतन उईके:
कुठल्या डॉक्टरची नागमोडी रेघ म्हणजे कुठलं औषध, त्याला पाठ.
खोब्रागडे आजींची गोळी ब्लेडनं अर्धी करून ठेवतो.
कर उतरला तेव्हा जुन्या किमतींवर नव्या चिठ्ठ्या
त्यानंच दोन रात्री बसून चिकटवल्या,
तरी लोक भांडतात, टीव्हीवर तर जास्त सांगितलं होतं.
नंदनवार म्हणतात, दोन माणसं नाही परवडत बाप्पा,
पोळ्यापर्यंत बघू.
त्यातलं कुठलं माणूस, ते चेतनला माहीत आहे.
माझा चहा तोच आणून देतो.

बुधवारी मेडिकलकडून एक बाई आली,
बोटं वाकलेली, सांध्यांची.
चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, रोज एक, तीस दिवस.
चेतनचा हात ड्रॉवरमध्ये गेला होता.
मला पान आठवलं, पानाचा डावा कोपरा,
तिथं कधीतरी पेन्सिलीनं केलेली चौकट:
आठवड्यातून एकदा. रोज नाही. रोज म्हणजे मरण.
थांब, म्हटलं.
फोन लावला. पलीकडून वैतागून: कोण बोलतंय?
फार्मासिस्ट, म्हटलं,
आणि शब्द घशात अडकून मग बाहेर आला,
खूप दिवस न उघडलेल्या कपाटासारखा.
तिकडं शांतता. मग, हो, आठवड्याला. लिहिताना चुकलं.
बाईनं चार गोळ्या घेतल्या, सुटे मोजले,
तीस कशा नाहीत म्हणून कुरकुरली
आणि ऑटोत बसून गेली.

चेतन म्हणाला, वाचली ना मॅडम ती.
मी वर पाहिलं.
काचेमागची वेणीवाली पोरगी
अकरा वर्षं सगळ्यांकडं सारखंच बघत आली होती.

दुकान बंद व्हायला तास आहे.
माळ्यावरून मी जुनी रजिस्टरं काढलीत.
प्रत्येक ओळीपुढं माझी सही, रबरी, जांभळी,
चेतननं मारलेली, त्याच्या आधीच्या पोरानं मारलेली.
नावं वाचतेय. पत्ते वाचतेय.
काय शोधून राह्यल्या मॅडम, चेतन विचारतो,
आणि शिडी धरून उभा राहतो.