जिभांचा हिशोब

ओड्लाउग,
शाळा सुटली की आम्ही पोरं धक्क्याकडे पळायचो,
बापांचे मेणकापडी एप्रन छातीशी दुमडून बांधलेले.
लोफोटेनचा हिवाळा, तीनलाच दिवे लागलेले,
टबांत कॉडची डोकी, डोळे उघडे.
लोखंडी सुळ्यावर डोकं खुपसायचं,
सुरी फिरवायची,
जीभ बादलीत.

सकाळी वर्गात माझी स्वतःची जीभ
टाळ्याला चिकटलेली.
पानावरची अक्षरं जागा सोडून उठायची,
शेजारणीच्या जागेवर जाऊन बसायची,
आणि योर्डिसबाई म्हणायच्या, "बरं. पुढचा वाच."
आवाजात राग नसायचा.
तेच वाईट होतं.

तू काट्यापाशी.
बोटं कापलेले लोकरी हातमोजे,
ओठांच्या कोपऱ्यात पेन्सिल.
आमच्या बादल्या तोलायचीस,
किलोमागे नाणी मोजायचीस,
ओल्या तळव्यावर ठेवायचीस.

एकदा वहीच सरकवलीस माझ्यापुढं.
"चष्मा घरी राहिला माझा. तू लिही."
चष्मा तुझ्या कपाळावर होता.

बोटीचं नाव. वेळ. वजन.
उणे नऊ अंशांत मला घाम फुटला.
आकडेही उलटायचे माझे,
सातशे एकतीसचे सातशे तेरा.
तू खोडलं नाहीस.
कॉफी ओतत म्हणालीस,
"परत काट्याकडे बघ.
त्याला कुठं जायचंय?"

मार्चअखेरीला मालक वही चाळत होता,
तेव्हा तू खलाशांना ऐकू जाईल असं बोललीस,
"सिग्ब्योर्नच्या पोराची एक चूक नाही.
महिनाभरात एक नाही."
त्या रात्री सुकत टांगलेल्या माशांच्या मांडवांखालून
घरी जाताना मी ते म्हणून पाहिलं,
एक चूक नाही,
मोठ्यानं,
आणि अडखळलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात वखार विकली.
पर्यटकांसाठी खोल्या होतायत तिथं,
समुद्राकडे तोंड करून न्हाणीघरं.
जुन्या वह्या कचऱ्यात चालल्या होत्या,
मी तीन उचलल्या.

स्वयंपाकघरात दिव्याखाली धरल्या तेव्हा दिसलं,
खोडरबरानं कागद पातळ झालाय जागोजाग.
तेवीस जागा. दोनदा मोजल्या,
माझा माझ्यावर भरवसा नसतो.
तेवीसही ठिकाणी बरोबर आकडा,
आणि तो माझ्याच अक्षरात.
तो माझा कुबडा सात,
पोट सुटलेला तीन,
रेघेखाली घसरत जाणारं शून्य.
फक्त माझा हात खरंच घसरायचा.
हा थांबत थांबत, जपून घसरलेला.

मोठ्यांचा कित्ता मुलं गिरवतात, ओड्लाउग.
तू माझा गिरवलास.
सगळे घरी गेल्यावर,
तो गार बल्ब, थर्मासच्या तळाची कॉफी,
आणि चाळिशी उलटलेली बाई
एका पोराचं वाईट अक्षर शिकतेय.
खोटं बोललीस तू. किती मेहनतीनं.

आमच्याकडे माणूस भेटला की
आधी मागल्या भेटीचे आभार मानायचे असतात.
म्हणजे आभाराला पुढची भेट लागते.
आपली शेवटची पोस्टाबाहेर,
मी घाईत, नुसता हात केला होता.
ऑक्टोबरात तू गेलीस तेव्हा
मी पाण्यावर होतो.
त्या हात केलेल्या भेटीबद्दल, मग.
आणि वहीतल्या तेवीस,
ज्या मला ठाऊकच नव्हत्या,
त्यांबद्दल.

परवा फेरीच्या नोंदवहीत
गाड्यांचा आकडा लिहिताना
एकतीसचे तेरा झाले.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.
मी बाहेर आलो, डेककडे परत बघितलं,
बोट दाखवत एकेक गाडी मोजली.
मला सोडून
कुठं जाणार होत्या त्या?