चपला बाहेर काढाव्यात

गुरुवारी दुपारी तीनला मी शटर अर्धं ओढतो,
बीपीच्या मशीनला टेकवून फोन उभा करतो
आणि बावन्नाव्या वर्षी
पुन्हा वर्गात जाऊन बसतो.

गणपत कंपाउंडर बाहेर सांगतो,
"डॉक्टर शिकायलेत. चारला या."
"चोवीस वर्षं झाली की, अजून शिकायलेतच?"
म्हणत माणसं बाकावर बसून राहतात.
पालमच्या बाजाराला तेवढाच विषय.

पडद्यावर बावीस चौकोन.
मुखेड, भोकरदन, सोनपेठ, भूम.
कुणाच्या मागं कॅलेंडर, कुणाच्या मागं सलाइनचा स्टँड,
कंधारच्या बाईंच्या मागं कुणीतरी सारखं दार उघडतंय.
मधल्या चौकोनात डॉक्टर ऋता,
माझ्या थोरलीच्या वयाची.
विचारते, "शुगरच्या पेशंटचे पाय बघता ना, सर?"

मी म्यूटवर होतो. बरं झालं.

नाडी बघितली होती, जीभ बघितली होती,
रिपोर्टावरचा आकडा बघून
"गोड बंद, चहा बंद" असं दटावून
पुढच्याला हाक मारली होती.
पाय?
पाय टेबलाच्या पलीकडं होते.

तिनं एक दोरा दाखवला, नायलॉनचा,
मासे धरायच्या गळाला असतो तसला.
"पेशंटनं डोळे मिटायचे.
दोरा वाकेपर्यंत तळव्यावर दाबायचा.
लागलं की त्यानं 'हो' म्हणायचं."
"एवढंच?" सोनपेठच्या कुणीतरी विचारलं.
"एवढंच. पण प्रत्येकाचं."
इथं रेंज गेली.
तिचं तोंड उघडंच राहिलं, वर ते गोल चक्र फिरत,
आणि मला सोजरबाई आठवली.

सोजरबाई घनवटे. सोमवारी लसूण घेऊन बसायची.
"काटा गेलता जी, पर दुखत न्हाई काई."
दुखत नाही म्हणाली म्हणून
मी खूश झालो होतो.
मलम दिलं. दोन महिने मलमच दिलं.
नांदेडहून आली ती एका चपलेवर.
दुसरी पिशवीत.
"नवी हाय, टाकू वाटंना."

दोरा पोस्टानं आला.
पहिला पाय लतीफचाचांचा,
विहिरीच्या मोटारी भरून देतात ते.
मी स्टूल सरकवून खाली बसलो.
त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, पाय मागं घेतला त्यांनी.
डोळे मिटा.
अंगठा.
"हो."
करंगळीच्या खाली.
पंख्याचा आवाज.
दोरा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.
गोळ्यांची पुडी बांधता बांधता गणपत थांबला.
चाचा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,
"लावा की डॉक्टर, कव्हाचा बसलोय."

"लावलाय, चाचा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्हंजी पायाची रेंज गेली म्हना."
कुणी हसलं नाही, तेव्हा तेच हसले.
त्या दिवशी त्यांना अर्धा तास दिला.
आरसा फरशीवर ठेवून
त्यांचा तळवा त्यांना दाखवला.
साठ वर्षांत पहिल्यांदाच बघायलो, म्हणाले,
मीही पहिल्यांदाच बघत होतो, ते बोललो नाही.

आज केस मांडायची पाळी माझी.
लतीफचाचांची मांडणार होतो, वेळेत सापडलेली,
चारचौघांत सांगण्यासारखी.
माइक चालू केला
आणि तोंडातून नाव निघालं सोजरबाईचं.
काटा, मलम, दोन महिने, पिशवीतली चप्पल.
बावीस चौकोन गप्प.
वाटलं, गेली परत रेंज.
मग कंधारकडून दार वाजल्याचा आवाज आला,
आणि बाई म्हणाल्या,
"सर, माझ्याकडं पण एक होते."

चारला शटर वर केलं.
दाराशेजारी पाटी आहे, माझ्याच अक्षरातली,
दवाखाना उघडला त्या आठवड्यात रंगवलेली:
'चपला बाहेर काढाव्यात.'
रंग उडालाय, पण वाचता येते.
म्हणजे चोवीस वर्षं
या फरशीवर
सगळे अनवाणीच येत होते.