पाव सेकंद

शनिवार. अंबडला एमआयडीसीची सुट्टी,
दगू गांगुर्डेचं शटर तेवढं अर्धं वर.
"ब्रेकवर पाय ठेव, क्लच जरा सोड,
आणि दे रेस."
बॉनेटच्या फटीतून मला दिसलं,
इंजिन झोपेत कूस बदलल्यासारखं
एका अंगावर गेलं, परत आलं.
"बघितलंस? कंपनीने पाळण्यात ठेवलंय याला."

बाकावर तीन माउंट.
जुनं, रबर भेगाळून चामट झालेलं.
काळं पॉलियुरेथेन, नखाने दाबावं तर नखच दुखेल.
तिसरं अखंड ॲल्युमिनिअमचं,
सातपूरच्या कुठल्याशा लेथवर कातलेलं,
अजून कटिंग ऑइलचा वास येणारं.

मी दिवसभर मायक्रोमीटर धरते.
दोन शतांश इकडचे तिकडे झाले
तर अख्खी बॅच परत पाठवते.
सिन्नरपलीकडच्या ट्रॅकवर, दुसऱ्या वळणातून सुटताना
आधी इंजिन हलतं, मग गाडी.
मधला तो पाव सेकंद
मला महिनाभर घशात अडकल्यासारखा होता.
एकदा तर गिअरचा दांडाच हातातून सरकला,
तिसऱ्याऐवजी नुसताच खर्र.

तिसरं, मी म्हणाले.

दगूने कान खाजवला.
"थरथर कोणीतरी गिळायला लागते, पगारे मॅडम.
रबर गिळतं.
हे गिळत नाही, पुढे पाठवतं."
"कोणाला?"
"बसेल त्याला."
लाव म्हटलं. त्याने लावलं.

घरी जाताना आरशातला ट्रक दोन झाला.
ग्लोव्ह बॉक्सचं दार दाढ दुखल्यासारखं कण्हत होतं,
टोलची चिल्लर खणात नाचत होती.
आणि गाडी,
काय सांगू,
मनात यायच्या आत निघत होती.

सोमवारी अण्णांना फिजिओथेरपीला न्यायचं असतं.
जेलरोड ते कॉलेजरोड, मधे द्वारका.
अण्णा एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासायचे,
करकरीत कागदावर कधी बोटाचा डाग नाही.
आता त्यांचा अंगठा तर्जनीवर
दिवसभर न दिसणारी वात वळतो.
लोकांसमोर तो हात ते मांडीखाली ठेवतात.

द्वारकेचा सिग्नल. नव्वद सेकंद.
गाडी जागच्या जागी थरथरत होती,
काच, सीट, माझी हनुवटी.
अण्णांनी मांडीखालून हात काढला,
डॅशबोर्डवर ठेवला,
आणि बघत राहिले.
सगळंच इतकं हलत होतं
की तो हात स्थिर दिसत होता.
"आज बरोबरीने चाललंय,"
ते म्हणाले, आणि सिग्नल सुटेपर्यंत
हात तिथून उचलला नाही.

मला वाटलं, राहू दे हेच.

पण कॉलेजरोडला त्यांना उतरता येईना.
थरथर कमरेत शिरली होती.
दार धरून पाच मिनिटं उभे,
आणि माझ्याकडे न बघता,
"गाडी छान आहे हो तुझी."

दगू काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,
एवढंच पुटपुटत गाडीखाली सरकला.
वरची दोन्ही नवी रबराची,
खालचं, इंजिनाला कूस बदलू न देणारं,
पॉलियुरेथेनचं, तेही मऊतलं.
आरशात ट्रक पुन्हा एकच.
थंड इंजिनाला पहिली दोन मिनिटं
सीटखाली कोणीतरी गुणगुणतं,
मग गप्प.

ॲल्युमिनिअमचं दगूने परत घेतलं नाही.
ते अण्णांकडे आहे.
वजन धरून बसा, असं फिजिओवाली म्हणाली होती,
तर सकाळी पेपर वाचताना
ते त्या हातात धरून बसतात.
थोडं कमी हलतं, म्हणतात.
मला कटिंग ऑइलचा वास येतो, त्यांना येत नाही.

रविवारी ट्रॅकवर गेले होते.
दुसऱ्या वळणातून सुटताना
तिसरा गिअर सरळ पडला.
पाव सेकंद गेलाय, पण सगळाच नाही.
किती उरलाय
ते मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे.
अजून काढलेलं नाही.