काटा शून्यावर

हेदवीच्या घाटीत तुटली असावी ती वायर.
स्पीडोमीटरचा काटा पडला शून्यावर
आणि तसाच राहिला,
जेवून ओटीवर आडवं झालेल्या माणसासारखा.
नरवणचा मेकॅनिक म्हणाला, गाडीला काही नाही,
फक्त तुम्हाला कळणार नाही तुम्ही किती पळताय.
पार्ट चिपळूणहून. गुरुवारी.
आज शनिवार.

मग मी कानांनी मोजत निघाले.
हेल्मेटात नुसता वारा असेल तर फार झालं.
समुद्र ऐकू आला तर बरं चाललंय.
आणि गडग्यापलीकडून कुणी विचारलेलं
"काय गो बाय, येकटीच?"
शब्दन् शब्द कळलं,
तर पाय टेकायची वेळ झाली.

रोहिल्याच्या उतारावर अर्धा रस्ता अडवलेला.
ताडपत्रीवर आमसुलं, काळपट लाल,
शेजारी छत्रीची काडी घेऊन कोंबड्या हाकणारी
जैनब होडेकर.
तिने मला थांबवलं नाही, ताडपत्रीही सरकवली नाही.
"ऊन हितंच पडतं, मी काय करू?"
मी इंजिन बंद केलं.
ती गाडीकडे बघत राहिली.
"लाल गाडी. गेल्या साली गेलीस ना हितून?
भोंगा मारलास, धुरळा उडवलास.
सगळी परत झटकली मी. एकेक."

बारा वर्षं जाते-येते या रस्त्याने.
मला कुणीच ओळखत नाही असं धरून चालले होते.

माफी मागायला शब्द जुळेनात,
म्हणून उकिडवी बसून आमसुलं उलटत राहिले.
पाचवं पूट चाललंय, ती म्हणाली,
अजून दोन. बोटं धुऊ नकोस लगेच, जात नाही ते.

तवसाळला फेरीबोट नुकतीच सुटलेली,
पाण्यात तिची रेघ अजून मिटली नव्हती.
पुढची तासाने.
जेटीवर सुदाम जाक्कर, मांडीवर मृदंग,
जुन्या लुगड्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला.
शिमग्यात पुडी फाटली, ऐन गवळणीत.
नांदिवड्याला एकच जण भरतो आता शाई,
त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू.
एष्टी फाट्यावर सोडते, पुढे चालत.

त्याने लिफ्ट मागितली नाही.
मीही लगेच दिली नाही, हे सांगायला हवं.
घड्याळ पाहिलं. मालगुंडला चारपर्यंत पोचायचं होतं,
कशासाठी, ते आता आठवत नाही.
बोट लागता लागता तो म्हणाला, "येकटीच?"
पण बाकीच्यांसारखं नाही.
गाडीवर जागा मोजावी तसं.

जयगडच्या चढावर मग आम्ही तिघं.
मी, मध्ये मृदंग, मागे सुदाम.
एक पुडी शाबूत होती.
प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीत धुं.
"हळू बाय, ह्येला लागतंय."
मी काट्याकडे पाहिलं. म्हटलं,
याहून हळू जाता येत नाही हो.
"येतं की."

आणि आलं.
एक कुत्रं बरोबरीने धावलं,
कंटाळलं, आणि आम्हाला मागे टाकून गेलं.
वईवरची पोरगी तोंडातलं करवंद दाखवून म्हणाली, पिकलंय.
कुणाच्या तरी मागल्या दारी नारळ पडला,
सुदामने न बघता सांगितलं, सुका.

नांदिवड्याच्या पाणंदीपाशी तो उतरला.
पैसे विचारले नाहीत, नावही नाही.
लुगड्याची गाठ पुन्हा आवळली,
आणि गाडीच्या टाकीवर दोन बोटांनी वाजवून पाहिलं,
तेल कमी हाय, म्हणाला.

पुढचा रस्ता गुळगुळीत, डांबर नवं.
तरी एक खड्डा आला.
मी वाट पाहिली.
नुसती गाडी वाजली.

मालगुंड कधी आलं कोण जाणे.
हातमोजा काढून ठेवला होता रोहिल्यालाच,
तो तिथेच राहिला.
उजव्या मुठीवर, जी पिळली की गाडी पळते,
आमसुलाचे चार डाग
आणि अंगठ्याचा एक, पुसट.