पंचाहत्तरला तीस

धोपाव्याहून दुपारच्या फेरीबोटीने
उझैर परकार दाभोळात आला.
स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये
गोधडीत गुंडाळलेला सीपीयू.
जेट्टीपासून माझ्या दुकानापर्यंतची चढण
त्याने गाडी बंद करून, ढकलत काढली,
हादरे नकोत म्हणून.

टेबलावर ठेवून म्हणाला,
"खे... खेळ चांगला चालतो.
म-मधल्या गोष्टीच अडकतात."

मधल्या गोष्टी. हा त्याचा शब्द.
जिथे बोटं कीबोर्डवरून उचलायची
आणि नुसतं बघायचं.

लावून बघितलं.
लढाई लोण्यासारखी,
घोडे, धूळ, बाण, कशाचं काही अडत नाही.
मग पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या
आणि बर्फातल्या कुठल्याशा बंदरात
एक दाढीवाला तांडेल
मुलीचा निरोप घ्यायला लागला.
आवाज सरळ येत होता. ओठ मात्र
एक ठेच, एक उडी, पुन्हा ठेच.
तिच्या डोक्याकडे निघालेला हात
तीनदा थांबून पोचला.

"मा... माझ्यासारखाच आहे," उझैर म्हणाला
आणि हसला.
मी हसले नाही.
हसायला हवं होतं की काय, अजून कळत नाही.

झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर
धूळ आणि मीठ मिळून झालेला चिकट थर,
आमच्या खाडीची सही.
रॅमचे पिवळे दात खोडरबराने घासले.
ड्रायव्हर नवा घातला, नेट रांगत होतं,
समोरून आलेला चहा तोवर निवून गेला.
खेळ जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेला.
सावल्या कमी केल्या, गवत कमी केलं.
चारला वीज गेली, पावणेपाचला आली.
तांडेल तसाच.

उझैर स्टुलावर बसून होता.
माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला हा.
हजेरीला "उपस्थित" म्हणेपर्यंत
बाई पुढच्या तीन नंबरांवर गेलेल्या असायच्या,
वर्गात बसून गैरहजर लागायचा.
मामू, डॉक्टर, बोटीवरचा तिकीटवाला,
सगळ्यांकडे त्याच्यासाठी एकच औषध:
हळू बोल रे. सावकाश.

दिवेलागणीला सहज मॉनिटरची सेटिंग उघडली.
पंचाहत्तर.
सेकंदाला पंचाहत्तर वेळा उजळणारा पडदा
आणि मधली गोष्ट तीस चित्रांची.
पावतीबुकाच्या पाठीवर भागाकार मांडला.
अडीच.
आता चित्राला काही अर्धा ठोका थांबता येत नाही,
म्हणून एक थांबतं दोन, पुढचं तीन,
दोन, तीन, दोन, तीन,
लंगडी घालत चाललेला निरोप.

पडदा साठावर आणला.
एवढंच.

तांडेलाचा हात निघाला
आणि एका दमात मुलीच्या डोक्यावर टेकला.

"का... काय केलंस, ताई?"
उत्तर जिभेवर आलेलंच होतं.
हळू केलं.
तेच, तिकीटवाल्याचं औषध.
गिळलं. म्हटलं,
"भागाकार जुळवला."

त्याने ती गोष्ट पुन्हा लावली.
मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ओठांकडे बघत.
"सु... सुटला बिचारा," म्हणाला
आणि गोधडी झटकून घडी घालायला लागला.

दीडशे सांगितले होते, दोनशे ठेवून गेला.
शेवटची बोट निघाली तेव्हा
दाराशी उभी राहून बघितलं:
कठड्याशी तो, पायाशी गाठोडं,
कोणीतरी त्याला काही विचारत होतं.
तो काय म्हणाला ते इंजिनात बुडालं.
हात हलताना दिसला फक्त,
बराच वेळ.

मी शटर ओढलं.
मध्यावर अडलं, गंजलंय, रोजच अडतं.
थोडी थांबले.
मग पुन्हा ओढलं.