कलम चौदा

राऊमाच्या गोदीत नवी वेल्डर, इर्मेली.
मनगटावर जुन्या ठिणग्यांचे डाग.
करारात कलम चौदा :
'शिकवण म्हणजे फक्त तोंडओळख.'
सही केली, पेन परत केलं.

तीन दिवस पडद्यासमोर.
अपघात म्हणायचं नाही, 'घटना' म्हणायचं.
दमलो म्हणायचं नाही;
त्याऐवजी काय, ते सांगितलंच नाही.
मालक इथे कुणीच नाही, सगळे 'आम्ही'.
प्रशिक्षक एकदाही ओरडला नाही.
कॉफी फुकट होती,
घोटागणिक एकेक शब्द
गळी उतरला.

चौथ्या संध्याकाळी पोरगा सायकलवरून पडला,
गुडघा फुटलेला, बर्फावर रक्त.
ती म्हणाली, "घटना घडली.
आम्ही नोंद घेऊ."

पोरगा रडायचा थांबला.
तिच्याकडे बघत राहिला,
जशी आत्ताच
तोंडओळख व्हावी.