रिकामी खाच

इकेजाच्या बाजारात बारा वर्षं लॅपटॉप विकतोय,
चपला बघून गिऱ्हाइकाचा खिसा ओळखतो मी.
ही आली ती वही घेऊन.

चंदेरी मॅक पुढे केला. तिनं हातही लावला नाही.
‘आईकडे वेण्या घालायला येतात, त्यांचे फोन मोजले.
एक्केचाळीस. त्यात आयफोन दोन,
एक फुटका.’

मग एक काळं, जाडजूड धूड उलटं करून
स्क्रू काढायला लावले मला, भर दुपारी,
जनरेटरच्या धुरात.
आठ जीबी रॅम. शेजारी खाच, रिकामी.
तिथं तिचं बोट पुन्हापुन्हा जात राहिलं,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं.

‘सध्या आठ पुरे. पडद्यावर खोटा फोन कशाला?
माझा खरा आहे, केबल लावीन.
ही ख्रिसमसला भरू.’

घासाघीस झाली.
बॅटरी मी नवी घातली. का, ते विचारू नका.

यंत्र जर्मनीतल्या कुठल्याशा ऑफिसातलं,
वाय आणि झेडची अदलाबदल.
न बघता तिनं नाव टाइप केलं, येवांडे.
उमटलं झेवांडे.

सेटिंग बदलता येतं, सांगणार होतो.
ती हसत सुटली होती.
म्हटलं, गिऱ्हाईक नाही दुसरं.